दोन काठांचं कुंपण

नदीतला सामन मासा धरायला बंदी आली त्या वसंतात रिस्तेनकाकूने आपली लांब होडी काठावर ओढली, पालथी घातली आणि तिच्यावर बसून दुपारभर मोजे विणले. कुणी विचारलं तर म्हणायची, "होडीचा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना."

तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची, योव्नाकाकाची, ती बायको. तिचं घर न्यार्ग्याला, नदीच्या नॉर्वेकडच्या काठावर. आमचं समोर सावूला, फिनलंडच्या काठावर. सरहद्द नदीच्या मधोमध आहे असं म्हणतात. लग्नं, बारशी आणि भांडणं तिला न जुमानता इकडून तिकडे जात आली आहेत.

नदीत कूड घालून सामन धरायची आमची जुनी रीत. बर्च झाडाच्या दांड्यांची तीन पायांची तिकाटणी पाण्यात रोवायची, त्यांना दगडांचं वजन द्यायचं, फांद्या विणून कूड करायचा आणि त्याच्या टोकाला जाळं लावायचं. समुद्रातून वर चढणारा सामन कुडाआडच्या संथ पाण्यात दम खातो, मग वाट शोधत जाळ्यात शिरतो. हे काम पुरुषांचं समजलं जायचं. काकूच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याने हिला शिकवलं, आणि शिकवताना रोज एकदा तरी म्हणायचा, "तू मुलगा असतीस तर बरं झालं असतं." एके वर्षी तिने एकटीने घातलेल्या कुडात त्याच्या दुप्पट मासा आला. त्यानंतर त्याने ते वाक्य टाकलं. लग्न होऊन न्यार्ग्याला आली ती जाळं विणायची सुई आणि कुऱ्हाड बरोबर घेऊनच. योव्नाकाका मनमिळाऊ, पण पाण्याला भिणारा. तो वल्हं मारायचा आणि ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिकाटणी रोवायची. बेचाळीस उन्हाळे असे गेले.

सामन कमी होत चाललाय हे दोन्ही काठांना दिसत होतं. त्याचं कारण मात्र प्रत्येकाला समोरच्या काठावरच दिसायचं. आम्ही सावूचे लोक गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या द्यायचो, होडीतून फिरवायचो. न्यार्ग्याचे लोक जाळी आणि कूड घालायचे. योव्नाकाका गेला, त्याला माती देऊन सगळे काकूच्या घरी जेवायला बसले होते, तेव्हा माझे बाबा, ओव्ला, भलत्या वेळी बोलून गेले.

"तुमच्या जाळ्यांनी नदी रिकामी केली, वहिनी."

काकूने हातातला वाडगा खाली ठेवला. "आणि तुमचे ते शहरातले पाहुणे, भावजी? ते काय नदीला गाणी म्हणून दाखवायला येतात?"

बाबा ताटावरून उठले आणि होडीत जाऊन बसले. त्यानंतर सहा वर्षं दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नाही. घरं समोरासमोर, एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याला दिसायचा. बाबा रोज सकाळी आईला विचारायचे, "समोर धूर निघाला का?" निघाला असला की मग कॉफी प्यायचे. माझं मात्र जाणंयेणं चालू होतं. भांडण मोठ्यांचं, मला त्यात कुणी धरलं नव्हतं.

काका गेल्यावर दोन वर्षांनी बंदी आली, आणि बंदीला दोन वर्षं झाली त्या उन्हाळ्यात कुबडे आले.

तसे ते आधीही यायचे, एक वर्षाआड, थोडे थोडे. हा मासा सामनच्याच कुळातला, पण दूरच्या पॅसिफिक समुद्राचा. माझ्या आजोबांच्या काळात पूर्वेकडच्या नद्यांत त्याची अंडी आणून सोडली गेली, आणि तो पसरत पसरत आमच्यापर्यंत पोचला. नदीत शिरला की नराच्या पाठीवर हे मोठं कुबड येतं. दोन वर्षांचं आयुष्य, एकदाच अंडी घालायची आणि तिथेच मरायचं. त्या उन्हाळ्यात ते इतके आले की उथळ पाण्यात वल्हं टाकलं तर माशांवर आपटायचं. ऑगस्टमध्ये ते मरायला लागले. काठाला पांढरी, फुगलेली रांग लागली. लोकांनी खिडक्या बंद केल्या. गावातली कुत्री खाऊन खाऊन आजारी पडली.

काकू रोज सकाळी दाताळं घेऊन पाण्यात उतरायची आणि मेलेले मासे बाहेर ओढायची. एकदा मी तिच्याकडे गेले तर ती मांडीएवढ्या पाण्यात नुसती उभी, दाताळं पाण्यावर आपटत. जवळ गेल्यावर दिसलं. डोहाच्या तोंडाशी सामनची एक मोठी मादी दगडाला चिकटून थांबली होती. ऑक्टोबरात अंडी घालायची म्हणून ती तिथे विसावा घ्यायला आलेली. आठ-दहा कुबडे तिला ढुशा देत होते. काकू त्यांना हाकलत होती, ते फिरून येत होते. तासाभराने ती मादी प्रवाहात वळली आणि खाली निघून गेली, समुद्राच्या दिशेने.

काकू बाहेर आली. तिचे ओठ निळे पडले होते.

"एवढा राग त्या कुबड्यांचा, काकू?" मी तिच्या खांद्यावर शाल टाकत विचारलं.

"माशाचा कसला राग गं, माग्गा. त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलं होतं, येतोस का म्हणून? राग माझा मलाच आलाय. नदीचं हे व्हायला लागलं होतं आणि मी होडीवर बसून मोजे विणत होते."

त्या सप्टेंबरात आमच्या शाळेत दोन्ही देशांच्या लोकांची सभा भरली. काकू आली, पण तासभर उशिरा. नोटिशीवर वेळ आमच्या काठाची होती आणि तिच्या काठाचं घड्याळ आमच्याहून तासभर मागे. ती दार ढकलून आत आली तेव्हा बाबा पहिल्या रांगेतून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "न्यार्ग्याचे लोक सगळ्यातच तासभर मागे."

काकू शेवटच्या बाकावर बसली आणि शेगडीकडे बघत म्हणाली, "मागून येणाऱ्याला बरं दिसतं, पुढे गेलेले कुठे तोंडावर पडलेत ते."

सगळी शाळा हसली. बाबासुद्धा हसले असावेत, कारण त्यांचे कान हलले. पण मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

सभेत ठरलं ते असं. कुबडे पुन्हा दोन वर्षांनी येणार, तोवर दोन्ही सरकारांनी मिळून नदीवर लोखंडी कुंपण घालायचं. कुंपणात पिंजरे ठेवायचे. पिंजऱ्यात आलेला सामन हाताने उचलून वरच्या अंगाला सोडायचा, कुबडा बाहेर काढायचा. कामाची प्रमुख म्हणून दोन्ही देशांनी तूलिया नावाच्या बाईला नेमलं. तिशीतली, माशांची शिकलेली, लाल टोपी घालणारी. काकू तिला लोखंडवाली म्हणायची.

दोन वर्षांनी जूनमध्ये पूर ओसरल्यावर कुंपण उभं राहिलं. दक्षिणेकडून आलेल्या इंजिनिअरांनी ते नदीच्या अरुंद जागी, काठापासून काठापर्यंत, पट्टीने ओढल्यासारखं सरळ घातलं. मला मोजणीचं काम मिळालं होतं, म्हणून जे झालं ते मी रोज पाहत होते. पाणी गजांवर अडलं की खाली वळायचं आणि तळाची वाळू उकरून न्यायचं. रोज नवी भगदाडं पडायची, कुबडे त्यातून वर जायचे. सामन मात्र कुंपणाखाली गोळा होऊन थांबले. पिंजऱ्यात शिरेनात. गजांवर धडका मारून काहींची तोंडं सोलवटली. नऊ दिवसांत पिंजऱ्यात चौदा कुबडे आले आणि सामन एकही नाही. वरून निरोप आला, आठवड्यात जमलं नाही तर कुंपण काढून टाका, यापेक्षा ते नसलेलं बरं.

त्या दिवशी तूलिया काठावरच्या दगडावर टोपी हातात घेऊन बसली होती. काकू थर्मास घेऊन आली, तिच्या शेजारी बसली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपात चीजचा तुकडा टाकून वर कॉफी ओतली आणि कप तिच्या हातात दिला.

"पी. पोटात काही गेलं की डोकं चालतं."

"माझं डोकं चालून काय उपयोग, आजी. मासा ऐकत नाही."

"तो का ऐकेल? तुम्ही नदीला भिंत घातलीत. सामन भिंतीसमोर थांबतो आणि परत फिरतो. त्याला तिरकं न्यावं लागतं. कुडाच्या कडेकडेने जाता जाता त्याला वाटलं पाहिजे की वाट आपणच शोधली."

तूलियाने कप खाली ठेवला आणि वही काढली. काकूने काटकीने वाळूत नदी काढून दाखवली. कुंपण तिरकं हवं. शेवटचे तीस हात लोखंड नको, फांद्यांचा कूड हवा. फांद्यांतून पाणी झिरपतं, तळ उकरत नाही. आणि पिंजरा खोल पाण्यात, सावूच्या काठाजवळ जो काळा खडक आहे त्याच्या आडोशाला.

"नक्की कुठे?" तूलियाने विचारलं.

काकू काटकी हातात धरून थांबली. "ते मला नाही सांगता यायचं. त्या काठाचं पाणी माझ्या सासऱ्यांना माहीत होतं. त्यांनी ते धाकट्याला शिकवलं. योव्ना पाण्याला भ्यायचा."

"मग ओव्लांना विचारूया."

"तू विचार."

तूलिया संध्याकाळी आमच्या घरी आली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मासळीचं सूप वाढायला लावलं, आणि शेवटी म्हणाले, "ज्याला विचारायचंय त्याने स्वतः यावं." तूलियाने मला डोळ्यांनी विचारलं, आता काय? मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी भांडी घासत होते. समोरच्या काठावर काकू होडीला खांदा लावून उभी असलेली दिसली. चार वर्षं पालथी पडलेली होडी. पहिल्या दोन हिसक्यांत ती हललीच नाही. तिसऱ्या हिसक्याला सरळ झाली.

"बाबा," मी म्हणाले, "काकूने होडी पाण्यात घातली."

बाबा खिडकीशी आले, पाहिलं आणि बूट चढवून बाहेर गेले. होडीच्या फटींतून पाणी आत येत असणार, कारण काकू दहा वल्ही मारायची आणि डब्याने पाणी उपसायची, पुन्हा दहा वल्ही. बाबा काठावर येरझाऱ्या घालत होते. होडी जवळ आली तसे ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि काकूने टाकलेला दोर त्यांनी झेलला.

स्वयंपाकघरात दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसली. आई बाहेर निघून गेली. मला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. बाबांनी कॉफी ओतली. काकूने एक घोट घेतला.

"सहा वर्षांत तुमची कॉफी काही सुधारली नाही, भावजी."

"नावं ठेवायला कुणी नव्हतं, वहिनी."

काकूने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या दिवशी जेवताना मी तुमच्या पाहुण्यांबद्दल बोलले."

"आधी मी बोललो."

"हो. आधी तुम्हीच बोललात."

बाबांनी मान हलवली. "योव्नाच्या मातीच्या दिवशी बोलायला नको होतं. तो असता तर आपल्या दोघांना होडीत घालून नदीच्या मधोमध नेऊन सोडलं असतं."

"तो कसला नेतोय. काठावरूनच ओरडला असता, पाणी फार आहे, परत या म्हणून."

बाबा हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. काकूने टेबलावरची साखरेची वाटी इकडची तिकडे केली, तिकडची इकडे केली. मग तिने त्याच वाटीचा खडक केला, चमचा कूड म्हणून ठेवला, आणि दोघं कामाला लागली. बाबांनी चमचा जरासा फिरवला.

"वडील इथे घालायचे. खडकाच्या नाकासमोर नाही, त्याच्या खांद्यापाशी. तिथे पाणी स्वतःवरच वळतं. लहानपणी त्यात काठी टाकली तर जागच्या जागी फिरत राहायची."

"एवढंच मला हवं होतं."

"मी येईन उद्या," बाबा म्हणाले. "तुमच्यासाठी नाही, नदीसाठी."

"मी तरी कुठे तुमच्यासाठी आले."

पुढचे चार दिवस दोन्ही काठांची माणसं पाण्यात होती. कूड घातलेला शेवटचा कधी पाहिला हेही आठवत नाही अशी सत्तरीची म्हातारी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि बर्चच्या दांड्या सोलत बसली. तूलिया कानाला फोन लावून काठावर फिरत होती. एका देशाच्या कचेरीने फांद्यांना परवानगी दिली होती, दुसरीने कागद मागितले होते. ती कागद पाठवत होती आणि तोवर हाताने खूण करत होती, चालू द्या. इंजिनिअर आधी बाजूला उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकजण रबरी कपडे चढवून पाण्यात उतरला आणि काकू सांगेल तिथे दगड ठेवू लागला. त्याने एक दगड चुकीचा ठेवला की काकू म्हणायची, "शिकलेला आहेस, पण होशील चांगला."

पाचव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात अकरा कुबडे होते आणि एक सामन.

सगळे जण पिंजऱ्यालगतच्या फळीवर गोळा झाले. तूलियाने झोळीचं जाळं काकूच्या हाती दिलं. काकूने ते बाजूला ठेवलं, हातमोजे काढले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पाण्यात घालून सामन उचलला. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके, अंगाला अजून समुद्रातल्या उवा चिकटलेल्या, म्हणजे अगदी ताजा आलेला. तो तिच्या हातांत एकदा वळवळला आणि शांत झाला. आयुष्यभरात तिने हजारो सामन हातात धरले असतील. धरलेला सोडून कधी दिला नव्हता.

"सोडा, वहिनी," बाबा हळूच म्हणाले.

"सोडते हो. वजन तर बघू दे."

"किती?"

"चार किलो. थोडा वरच."

मी वहीत चार किलो लिहिलं. काकू कुंपणाच्या वरच्या अंगाला वळली, हात पाण्यात बुडवले आणि उघडले. सामन क्षणभर तिथेच थांबला, तिच्या बोटांशी तोंड करून. मग शेपूट एकदा हलली आणि पाण्यात काहीच उरलं नाही. काकू तशीच ओणवी राहिली. बाबांनी तिच्या कोटाची मागची कड मुठीत धरून ठेवली होती, ती पडू नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात आम्ही सात हजारांवर कुबडे काढले आणि सहाशे चाळीस सामन वर सोडले. जुलैच्या शेवटी दोन दिवस मोठा पूर आला, तेव्हा कूड फुटला आणि काही शे कुबडे वर निसटले. ते रडगाणं काकूने कुणाला गाऊ दिलं नाही. "कूड आहे, तो फुटतोच. म्हणून तर रोज बांधायचा," म्हणाली आणि पाण्यात उतरली. कुबड्यांना ती डोक्यावर एकच घाव घालून मारायची. एकदा एका गड्याने कुबड्याला लाथ मारली तर त्याला दिवसभर काठावर बसवून ठेवलं. ताजे मासे धुरी देऊन दोन्ही गावांत वाटले. चव कशी आहे असं विचारलं तर म्हणायची, "धाकट्या जावेच्या स्वयंपाकासारखी. वाईट नाही, पण आपली नव्हे." एकदा माझी आई शेजारीच उभी होती. तिने काकूच्या हातातली ताटली काढून घेतली.

पुढची दोन वर्षं हिवाळ्यात काकूने दोन्ही काठांच्या माणसांना आमच्या शाळेत कूड विणायला शिकवलं. आइसलँडहून आणि स्कॉटलंडहून नद्या सांभाळणारे लोक पाहायला आले. कुबडे त्यांच्याकडेही पोचले आहेत. काकूला त्यांची भाषा येत नव्हती. एका स्कॉटिश माणसाला तिकाटण्याची गाठ तीनदा जमली नाही, तेव्हा तिने त्याचाच अंगठा गाठीत बांधला आणि सोडव म्हणाली. त्याने सोडवला, आणि जाताना तिच्याकडून दोराचा एक तुकडा मागून नेला. पूर्वेकडच्या नद्यांवरच्या माणसांना तूलिया दर वसंतात पत्र लिहिते. आधी ते लोक येऊन जायचे. आता त्यांच्याकडची सरहद्द बंद आहे, उत्तर येत नाही. तूलिया तरी लिहिते.

पुढच्या खेपेला कुबडे आले तेव्हा कूड पहिल्या दिवसापासून तिरका होता, आणि दोन हजारांच्या आत आटोपलं. सामन धरायला बंदी मात्र अजून आहे. काकू सदुसष्टची झाली. तिच्या हयातीत बंदी उठेल की नाही, कुणी सांगू शकत नाही, आणि ती विचारतही नाही.

गेल्या ऑक्टोबरात तूलिया तिला आणि बाबांना वरच्या ओढ्याकडे घेऊन गेली. मी होडी चालवायला होते. काठाच्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. वाळूगोट्यांच्या तळावर फिकट डाग दिसत होते. सामनच्या माद्यांनी अंड्यांसाठी खणलेल्या खळग्या. कुबड्यांच्या पहिल्या लाटेनंतर याच ओढ्यात तूलियाला नऊ सापडल्या होत्या. आम्ही चालत चालत वर गेलो. एका जागी एक मादी कुशीवर होऊन शेपटीने गोटे उडवत होती. चौघंही जागच्या जागी थांबलो.

शेवटी तूलियाने वहीत आकडा लिहिला. चौतीस.

"पस्तीस," काकू म्हणाली.

"चौतीस, वहिनी. मीही मोजल्या."

"त्या पडलेल्या बर्चच्या खोडामागची तुम्हाला दिसली नाही, भावजी. तुम्ही पायाखाली बघत होतात."

तूलियाने वही मिटली आणि आम्ही पुन्हा दोनशे पावलं मागे गेलो. बाबा खोडावर हात टेकून पलीकडे वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"आहे," ते म्हणाले. "पस्तीस लिही, पोरी."